सोबतीण नापास

“कागदावर तरी बरी वाटते,” असं म्हणत कॉन्रॅडने चष्मा कपाळावर सरकवला, आणि स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या फ्लॉसीचा जीव वरखाली झाला. आपण बायकोने बनवलेला क्लास तपासतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं.

पापडी गावातल्या कॉन्रॅडच्या ओटीवर दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मंडळी जमत आणि दिवेलागणीपर्यंत खेळत. खेळ म्हणजे एक टेबल, अनेक बाजूंचे फासे आणि ज्याचं त्याचं काल्पनिक पात्र. क्लास म्हणजे त्या पात्राचा पेशा: लढवय्या, जादूगार, चोर. पुस्तकातले क्लास खेळून खेळून शिळे झाले की पोरं घरी बसून नवे बनवतात, आणि घरी बनवलेल्यात प्रत्येकाला आपलंच घोडं पुढे दामटायचं असतं. म्हणून निवाडा करणारा लागतो. विरारपासून नायगावपर्यंत तो मान कॉन्रॅडचा. आठवडाभर गोखिवऱ्याच्या एका कंपनीत व्हॉल्व्ह तपासायचे आणि रविवारी क्लास. कुठे गळतंय ते त्याला बरोबर कळायचं. घरातलं तेवढं सोडून.

रीत अशी, की बिननावाचा टाईप केलेला कागद ओटीवरच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. सगळ्यांनी मिळून एक डाव खेळून बघायचा. पास झाला तर कॉन्रॅड विचारी, “कोणाचा?” आणि बनवणाऱ्याला नव्या मोहिमेत खुर्ची मिळे. नापास झाला तर कोणी विचारायचं नाही आणि बनवणाऱ्यानेही तोंड उघडायचं नाही. कोणाची शोभा होऊ नये म्हणून ही रीत कॉन्रॅडनेच घातली होती, आणि तिचा त्याला अभिमान होता.

फ्लॉसीला ती खुर्ची हवी होती. लग्न झाल्यापासून ती या खेळाला चहा पुरवत आली होती. कांदे चिरता चिरता तिला सगळे नियम पाठ झाले होते. एकदा तिने मीही बसू का म्हणून विचारलंही होतं. कॉन्रॅड हसला, तुला कशाला ही डोकेदुखी म्हणाला, आणि चहात साखर कमी असल्याचं त्याने सांगितलं. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. गावात त्याचा दाखला देत. अशा नवऱ्याचं गाऱ्हाणं बाईने सांगावं तरी कोणाला? तेव्हा तुळिंजला दातांच्या ज्या दवाखान्यात ती दिवसभर पेशंटची नावं पुकारत असे, तिथेच जेवणाच्या सुट्टीत बसून तिने आपला क्लास टाईप केला. नाव ठेवलं सोबतीण.

सोबतीण लढत नाही. ती इतरांच्या जखमा स्वतःवर घेते, तळ राखते, तिच्या हातचं खाल्लं की बाकीच्यांचा शीण जातो. तिची दुबळी बाजू एकच. प्रत्येक फेरीत कोणीतरी तिला नावाने हाक मारायला हवी. नाही मारली, तर तिची ताकद कमी होत जाते.

“हा तर फुकटचा वीकनेस झाला, सर,” कंपनीतला मितेश म्हणाला. “हाक मारायला काय जातंय?”

कॉन्रॅडलाही तसंच वाटलं. त्याने तिचं नाव रोझा ठेवलं आणि डाव सुरू झाला. पहिल्या फेऱ्यांना सगळ्यांनी मस्करीत ‘रोझा, रोझा’ करून ओटी दणाणून सोडली. मग पुलावर राक्षस आला. फासे तापले. हिला पुढे कर, माझी जखम तिच्यावर टाक, आधी मला खायला दे म्हणावं तिला, असं चाललं. रोझा हे नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. कॉन्रॅड चोख माणूस, तो मुकाट्याने तिची ताकद कमी करत राहिला. राक्षस पडला, टाळ्या झाल्या, आणि कॉन्रॅडच्या चुलतभावाने, एरॉलने, घायाळ हात पुढे करून सोबतीण कुठाय म्हणून विचारलं.

“मेली,” कॉन्रॅड म्हणाला.

“कधी?”

ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सगळे कॉन्रॅडच्या हातातल्या कागदाकडे बघू लागले. फ्लॉसीला वाटलं, आता कळलं यांना. आता हा विचारणार, कोणाचा. दुसऱ्या चहाचा ट्रे खाली ठेवायचंही तिला सुचेना.

“नापास,” कॉन्रॅड म्हणाला. “अटच खोटी आहे. आपण खेळाच्या नादात विसरलो, ते वेगळं. पण चार माणसं एकीच्या हातचं जेवतात आणि तिचं नाव कोणी घेत नाय, असं कुठे असतं काय? बनवणाऱ्याला माणसं कळत नाहीत.”

सगळ्यांना ते पटलं. शहाण्या माणसाचं बोलणं पटतंच. एरॉलने वहिनी, चहा म्हणून हात लांब केला. मितेशने, आंटी, खारी आहे का, असं विचारलं. फ्लॉसीने चहा दिला आणि खारी आणली. रीतीप्रमाणे तिने तोंड उघडलं नाही. आत जाऊन मात्र ती सिंकचा नळ मोठा सोडून रडली.

संध्याकाळी कॉन्रॅड खुशीत जेवायला बसला. चांगला निवाडा दिला की त्याला भूक लागे.

“पोरगा हुशार आहे पण,” तो बोंबलाचा काटा काढत म्हणाला. “त्याने सुधारून परत टाकायला पाहिजे. ती हाकेची अट काढायची आणि ताकद निम्मी करायची, बस.”

“म्हणजे निम्मी ताकद,” फ्लॉसी म्हणाली, “आणि नाव नाय घेतलं तरी चालेल.”

“हां. मग होते समतोल.”

“मग पास?”

“डोळे झाकून.”

खुर्ची एवढ्या किमतीत मिळत होती. फ्लॉसीने त्याच्या ताटात भात वाढला, त्यावर कालवण घातलं.

“तो नाय टाकणार परत,” ती म्हणाली.

“तुला काय ठाऊक?” कॉन्रॅडने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लोणच्याची बरणी जवळ ओढली.