बदकांचे सात दिवस

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंडी उबवायची पेटी केली ती आमच्या जुन्या टीव्हीच्या खोक्यात. लाकडी शटरचा टीव्ही, माझ्या लग्नाआधीच बंद पडलेला. आतलं सामान काढून चाळीसचे दोन बल्ब लावले, जाळी टाकली, पाण्याची वाटी ठेवली, थर्मामीटर टांगलं आणि समोर काच बसवली. पंचायत समितीतून रिटायर झाल्यापासून त्यांच्या हाताला चैन नव्हतं.

"मयुरी, हे तुह्यासाठीच केलं पाय," ते म्हणाले. "घरबसल्या धंदा."

मी हसले. मांडीवर आचल होती, सहा महिन्यांची. तीही हसली, बल्बाकडे बघून.

लग्नाआधीपासून मी वर्ध्याला एका खासगी लॅबमध्ये होते. नळ्यांवर नावं चिकटवायची, रिपोर्ट लिहायचे. बाळंतपणाची रजा संपली, मग बिनपगारी वाढवून घेतली. ती संपत आली तेव्हा लॅबच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, "एक जानेवारीला सोमवार आहे. त्या दिवशी खुर्चीवर दिसलीस तर खुर्ची तुझी. मी दुसरी मुलगी बघून ठेवलीय."

घरात सांगितलं तेव्हा कुणी नाही म्हणालं नाही. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. 'पाहू' म्हणतात.

"पाहू," मामाजी म्हणाले. "हा एक घाणा निघू दे. मंग जाजो."

नऊ डिसेंबरला अंडी ठेवली. तीस कोंबडीची, आणि केळझरकडच्या बंडूजींनी दिलेली दहा बदकाची. लॅबची सवय म्हणून मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं खूण केली, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा फुलीचं गोल करायचं आणि गोलाची फुली. मग कॅलेंडरवर मोजलं. एकवीस दिवस म्हणजे तीस तारीख. मध्ये एक रविवार, आणि सोमवारी मी लॅबमध्ये.

त्या वर्षी लोडशेडिंग सकाळी सहा ते दहा आणि दुपारी दोन ते सहा. लाइट गेली की पेटी गार पडायला लागायची. मग शरबताच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळून अंड्यांच्या बाजूनं लावायच्या, वरून गोधडी. दर अर्ध्या तासानं बाटल्या बदलायच्या. मामाजी थर्मामीटर वाचायचे, "शंभरच्या खाली चाल्लं, मयुरी!" बाटल्या मात्र मीच भरायची. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की सेलूला दवाखान्यात जाऊन यायचं तरी मला पेटीला विचारावं लागतंय. आचलला पोलिओचा डोस द्यायला माझ्याऐवजी आत्याबाई गेल्या, माझ्या सासूबाई.

आत्याबाईंना पेटी आवडत नव्हती. त्यांचा जीव त्यांच्या कोंबड्यांवर. त्यातली तांबडी खुडूक बसली होती. अंडी देणं बंद, आणि खाली काही नसताना नुसतं बसून राहायचं. कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक कांदा घरंगळला होता, त्याच्यावर बसली. आत्याबाई रोज दुपारी तिला उचलून बादलीत बुडवायच्या.

"खुडूक मोडतो तिची. बसून बसून अंडे कोन देईन?"

तांबडी थरथरत उन्हात उभी राहायची, पंख वाळले की परत कोठीत. परत कांदा.

एकदा जेवताना आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या तांबडीची खुडूक काई मोडत नाई. अन् इची पाहा, सहा महिन्यात मोडली."

योगेंद्र, माझा नवरा, खाली बघून हसला. मीही हसले. मग आचलला पाजायचं निमित्त काढून आत गेले.

बाराव्या दिवशी बंडूजी आले. मामाजींनी त्यांना मोठ्या कौतुकानं शटर उघडून दाखवलं.

"साहेब, बदक अन् कोंबडी एकाच दिवशी ठेवले?"

"हो. काऊन?"

"कोंबडीचे एकवीस, बदकाचे अठ्ठावीस! बदकं सात दिवस आधी ठेवाचे असते, मंग संगंच निघते." बंडूजी मांडीवर थाप मारून हसले. "पंचायत समितीत हे नाई शिकवलं का?"

मी चहा घेऊन दारात उभी होते. अठ्ठावीस म्हणजे सहा जानेवारी.

"सात दिवसानं काय होते?" मामाजी म्हणाले. "पेटी चालूच हाय. सून हाय घरी."

मी कप ठेवले. एकही सांडला नाही.

संध्याकाळी योगेंद्रला म्हटलं, तू बोल ना त्यांच्याशी. तो म्हणाला, "अवं, बोलतो. पण आत्ता त्याइले उत्साह आला हाय, आत्ता नको." त्याचं खोटं नव्हतं. मामाजी खरंच खूश होते, आणि त्यांना दुखवायचं माझ्याही जिवावर येत होतं. वाईट म्हणजे मला ती अंडीही आवडायला लागली होती. टॉर्च लावून बघितलं की आत लाल शिरा दिसायच्या, मध्ये एक ठिपका हलायचा. दोन बदकाची अंडी कोरी निघाली, ती काढली. आठ राहिली. आचलला कडेवर घेऊन मी एकेक दाखवायची. ती तोंड उघडं ठेवून बघायची आणि मग माझ्या गालाला ओली जीभ लावायची. मला वाटायचं, हिला सोडून कुठं जाऊ. पण पाच मिनिटांनी लाइट जायची, मामाजी हाक मारायचे, आणि वाटायचं, पळून जावं.

त्याच दिवसांत मी आचलला वाटी-चमच्यानं दूध पाजायला लागले. कुणाला कारण सांगितलं नाही. मी बाटल्यांत गुंतलेली असताना आत्याबाईही पाजायच्या. "गिळते वो पोट्टी," म्हणायच्या.

तीस तारखेला पिल्लं निघाली. सकाळी पहिल्या अंड्याला भेग, दुपारी पाच, संध्याकाळपर्यंत बावीस. सगळे पेटीसमोर बसले होते, जसे पूर्वी टीव्हीसमोर बसत असतील. मामाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. काचेमागे बदकाची आठ अंडी आपली गप्प.

रविवारी पिल्लं टोपलीत हलवून मामाजी बंडूजींना बावीसचा आकडा सांगायला केळझरला गेले. दोन वाजता लाइट गेली. मी चुलीवर पाणी ठेवलं, आणि मग ते उतरवलं.

आठही अंडी ओच्यात घेऊन कोठीत गेले. तांबडी अंग फुगवून गुरगुरली. मी कांदा काढून घेतला आणि एक अंडं तिच्या पोटाशी सरकवलं. तिनं हाताला चोच मारली, रक्त आलं. मग तिनंच मान वाकवून ते अंडं आत ओढलं. दुसरं. तिसरं. आठवं गेलं तेव्हा ती इतकी पसरली होती की एकही दिसत नव्हतं.

मागं वळले तर दारात आत्याबाई. एका हातात बादली, दुसऱ्या कडेवर आचल.

त्यांनी बादली ठेवली, वाकून तांबडीचा पंख उचलला.

"आठ?"

"आठ."

"सात दिवस बसन?"

"जितके लागतील तितके बसेल. तिला बसायचंच आहे, आत्याबाई."

 त्यांनी कडेवरच्या आचलकडे मान केली. "अन् ह्या पिल्लावर कोनती कोंबडी बसवतं?"

 त्यांनी बादली उचलली आणि पाणी अंगणातल्या कढीलिंबाला घातलं.

संध्याकाळी मामाजींनी शटर उघडलं. "बदकं कुठं गेले?"

"तांबडीखाली," आत्याबाई भाकरी थापत म्हणाल्या.

"काऊन?"

"पेटीले लाइट लागते. तिले लागत नाई."

"मंग पेटी कशाले केली म्या?" त्यांचा चेहरा बघवेना. मग ते एकदम म्हणाले, "उद्या दुसरा घाणा लावतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. योगेंद्रसुद्धा.

"लावा, मामाजी," मी म्हणाले.  "बाटल्या कशा भरायच्या, फडकं किती गुंडाळायचं, सकाळी दाखवून ठेवते. सव्वाआठची बस आहे माझी."

कुणी नाही म्हणालं नाही. या वेळी 'पाहू'ही कुणी म्हणालं नाही.

सकाळी आचलला पोटभर पाजलं. मामाजींना बाटल्या दाखवल्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं, माझ्याकडे न बघता. मी कोठीत डोकावले. तांबडीचे डोळे अर्धे मिटलेले होते. डबा घेतला, चपला घातल्या. फाटकापाशी पोचले तोच मागून हाक आली.

"मयुरी!"

मी वळले. आत्याबाई ओट्यावर उभ्या होत्या. आचल त्यांच्या पदराचं टोक चघळत होती.

"येताना तांबडीले तांदळाची कणकी आणजो. अन् पाचच्या आत येजो. पाचच्या पुढं इले म्या नाई पाहणार, सांगून ठेवतो."

"हो," मी म्हणाले.

पाचच्या आत म्हणजे चारची बस. चारची बस म्हणजे लॅबमधून साडेतीनला निघणं. लॅब सुटते पाचला. बस येईपर्यंत मी तेच मोजत उभी होते, डबा छातीशी घट्ट धरून, कारण ब्लाउज आत्ताच दुधानं ओला व्हायला लागला होता.