सगळ्यात लहान प्रत

प्रेमानंदला जागा वाया गेलेली बघवत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जळकोटला गेला, तर जावयानं लोळावं की नाही? या गड्यानं सासूची ज्वारीची कोठी रिकामी केली, तळापर्यंत झाडली आणि तिच्यात घरातली सगळी अंथरुणं घड्या घालून बसवली. सासू बनाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आवं पाव्हणं, कोठीचा तळ झाडायचा नसतो. मूठभर तरी ऱ्हाऊ द्यावं." त्यावर त्याची बायको श्रावस्ती इतकी हसली होती की तिला उचकी लागली.

भूमच्या एका कॉलेजात तो कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचा. तिथंही त्याचं हेच. जुनं दिसलं की पुसायचं, मोठं दिसलं की दाबून लहान करायचं. श्रावस्ती त्याला मोबाइलवर बोलून निरोप पाठवायची, तेही ऐकून झाले की तो पुसून टाकी. "बायको घरात असताना तिचे निरोप साठवून काय करायचं?" असं वर विचारायचा.

माघात श्रावस्ती गेली. येरमाळ्याच्या चौकात तिच्या स्कूटीला टेम्पोनं उडवलं. पर्समधल्या मोबाइलचाही चुरा झाला. ईट या त्यांच्या गावात ती सेवा केंद्र चालवायची. पीकविम्यापासून निराधाराच्या पगारापर्यंत सगळं गाव तिच्याच दारात यायचं, ते सगळं तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलं. माणसं पांगल्यावर बनाबाईंनी जावयाला बाजूला घेतलं.

"पाव्हणं, पोरीचा आवाज कशात हाय का? तोंड दिसतंय फोटूत. पर आवाज आठवाया गेलं की दुसऱ्याच कुणाचा तरी येतोय. एकदा ऐकायचाय मला."

"शोधतो मामी," प्रेमानंद म्हणाला. सासूला तो मामी म्हणायचा.

शोधायला निघाला तेव्हा कळलं की आपण किती झाडून-पुसून संसार केलाय. लग्नाच्या शूटिंगमध्ये श्रावस्ती सारखी बोलताना दिसत होती, पण एडिटिंगवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवली होती. स्वतःचा मोबाइल त्यानंच पुसून चकचकीत ठेवलेला. उरला होता तिच्या केंद्रातला कॉम्प्युटर. त्यात अर्ज होते, सातबारे होते, आधार कार्डांचे फोटो होते. आवाज वरवर तरी कुठं दिसला नाही. नीट शोधावं म्हटलं, तर आतली डिस्क कट कट वाजायला लागलेली.

येरमाळ्याला हायवेवर बब्रुवानचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. प्रेमानंदचा तो जुना दोस्त. त्यानं फोनवरच निदान केलं. "मरायला टेकलीय ती. एकदाच वाच, सगळीच्या सगळी उतरून घे, आन मग तिला हात लावू नको. शोधायचं ते त्या प्रतीत शोध."

सल्ला सोन्यासारखा होता. अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ती दाबून एका फाइलीत बसवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, कुणीही वापरावीत अशी. एक घ्यायचं, प्रत काढायची, काम संपलं. पण स्वभावाला औषध नाही. प्रेमानंदनं तीन उतरवून घेतली. कुणाची प्रत सगळ्यात लहान होते ते त्याला बघायचं होतं.

पहिल्यानं डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली, भरलेली जागा आणि रिकामी जागा, काही न सोडता. प्रत झाली ती अवाढव्य. प्रेमानंदला राग आला. डिस्क पाव हिस्साही भरलेली नव्हती. उरलेला रिकामा भाग दाबला तर नाहीसाच व्हायला हवा. रिकामी गोणी घडी घातली की काखेत मावते. इथं रिकाम्याची घडीच होत नव्हती. "बोगस सॉफ्टवेअर," तो म्हणाला. दुसरं हुशार निघालं, त्यानं फक्त भरलेली जागा उचलली. तिसरं त्याहून हुशार. त्यानं एकेक फाइल वेचून घेतली आणि अशी दाबली की पहिल्या प्रतीच्या दहाव्या हिश्शात सगळं बसलं. तिसरी प्रत पूर्ण झाली आणि डिस्कनं घरघर केली, मग ती गप्प झाली. पुन्हा काही ती उठली नाही.

प्रेमानंदला वाटलं, जिंकलो. अगदी वेळेवर काढलं. त्यानं तिन्हींचा तक्ता केला, कुणाला किती वेळ लागला, कुणाची प्रत केवढी झाली, आणि लॅबवाल्या मास्तरांच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी शाबासकीचे अंगठे टाकले. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं होतं. ती मापं घेताना बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याची छाती जरा हलकी झाली होती. म्हणून तर एकाची तीन केली त्यानं. मग पहिल्या दोन प्रती पुसल्या. तीच माहिती तीनदा कशाला ठेवायची? मोकळ्या झालेल्या जागेत कॉलेजच्या परीक्षांचं सगळं काठोकाठ भरलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

वैशाखात, बुद्ध पौर्णिमेला, बनाबाई जळकोटहून आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "घावला का आवाज?"

"न्हाय मामी. कोपरा न् कोपरा धुंडाळला. तिनं आवाज कधी भरलेलाच न्हाय त्यात."

"असं कसं?" बनाबाई म्हणाल्या. "म्या माज्या डोळ्यानं बघितलंय की. दिवाळीला आलते तवा. तिला रेडिओत बोलायची परीक्षा द्यायची हुती. गिऱ्हाईक गेलं की दार लोटून बसायची. आधी त्रिसरण म्हणायची, घसा मोकळा कराया, मग पेपरातल्या बातम्या वाचायची मोठ्यानं. मग त्या कॉम्प्युटरात भरल्यालं सोताचंच ऐकायची आन म्हणायची, शी, शेरडी वरडल्यावानी वाटतंय. आन टाकायची पुसून. लई हसायची. रोजचंच हुतं ते."

"मला कधी बोलली न्हाय."

"तुमाला पास झाल्यावर सांगणार हुती."

प्रेमानंद उठून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. पुसलेलं लगेच जात नाही, हे तो लॅबमधल्या पोरांना दरवर्षी शिकवायचा. कॉम्प्युटर फक्त दारावरची नावाची पाटी काढतो. दुसरं कुणी राहायला येईपर्यंत भाडेकरू आतच असतो. बाहेर काढायचं म्हटलं तर बऱ्याचदा निघतो. पण पुसायचं काम घरात आपलं, श्रावस्तीही पुसत असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आणि आता त्याला ती घडी न होणारी रिकामी जागा आठवली. ती रिकामी नव्हती. दाबून दाबून दबत नव्हती ती त्याची बायको होती, दार लोटून त्रिसरण म्हणणारी.

त्यानं बब्रुवानला फोन लावला. सगळं ऐकून बब्रुवान म्हणाला, "मग काय अवघड न्हाय. ती पहिली, मोठी प्रत हाय न्हवं?"

"पुसली."

"त्यावर दुसरं काय टाकलं न्हाईस ना?"

प्रेमानंदनं परीक्षांचं सांगितलं. मेलेली डिस्क पुण्याला पाठवून झाली. आतल्या चकत्या घासून गेल्यात, काही निघणार नाही, असं उत्तर आलं. तीनदा वाचली नसती तर कदाचित निघालं असतं, असं पुण्याचा माणूस म्हणाला नाही. ते प्रेमानंदचं प्रेमानंदला कळलं.

तोवर बनाबाई ईटलाच थांबल्या होत्या. त्यांना सांगणं भाग होतं, आणि त्यांना कळेल असं सांगणं भाग होतं.

"म्हंजे व्हता आवाज?" त्यांनी विचारलं.

"व्हता मामी. माझ्या हातात आलता. मीच रिकामं समजून फेकून दिला." एवढं बोलून तो सासूसमोर लहान पोरासारखा रडला.

प्रेमानंदला वाटलं, आता त्या तळ झाडलेल्या कोठीचं काढतील. काढायला हवं होतं. त्याला ते ऐकून घ्यायचं होतं. त्यांनी काढलं नाही.

"मग ह्या राहिलेल्यात काय हाय?" त्यांनी विचारलं.

"तिनं ठेवलेलं सगळं. लोकांची कामं."

"ते तर दावा."

नवी डिस्क बसवून त्यानं ती सगळ्यात लहान प्रत तिच्यात उघडून ठेवली होती. तो बनाबाईंना केंद्रात घेऊन गेला, श्रावस्तीच्या खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला. शेजारच्या छोट्या स्पीकरमधून मशीन सुरू झाल्याची धून वाजली, दोन-चार सुरांची.

बनाबाई दचकल्या. "हे काय वाजलं?"

"कॉम्प्युटर चालू झाला की वाजतं मामी. सकाळी केंद्र उघडलं की."

"रोज?"

"रोज."

"म्हंजे माज्या लेकीनं हे रोज ऐकलेलं हाय," बनाबाई म्हणाल्या. पडद्यावर अर्जांची, सातबाऱ्यांची नावं ओळीनं आली होती. त्यांनी तिकडं बघितलंही नाही. डोक्यावरचा पदर कानामागं सारून त्या स्पीकरजवळ वाकल्या.

"परत लावा, पाव्हणं."

प्रेमानंदनं मशीन बंद केलं. ते पुरतं थंडावेपर्यंत थांबला आणि पुन्हा बटण दाबलं. धून वाजली, संपली.

"परत," बनाबाई म्हणाल्या.