सोशिक सून

सकाळी सून मोरीत कपडे पिळत होती. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता.

“आई, पोटात फार कळा येताहेत. अंगही तापलंय.”

“पोट कापलंय, कळा येणारच. आम्ही बाळंतपणातून उठलो की कामाला लागायचो. ऊठसूट कण्हत बसलो नाही.”

सासूबाई दुष्ट नव्हत्या. बाईने सोसायचं असतं, हे त्यांना त्यांच्या सासूने शिकवलं होतं, आणि त्या ते सुनेला शिकवत होत्या.

दारात बूट घालणाऱ्या नवऱ्याला तिने हळूच विचारलं, “डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं ना?”

“करू गं. आई म्हणते तेही खरंच आहे. जरा कळ काढ.”

तो हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्तच तपासायचा. ऑपरेशननंतर रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, वाढतो आणि मग उतरू लागतो. उतरायचा सोडून चढत राहिला, तर आत काहीतरी बिघडलंय. हे त्याला तोंडपाठ होतं. त्या दिवशीही एका परक्या म्हाताऱ्याचा आकडा पाहून त्याने हातातला घास खाली ठेवला आणि वॉर्डात फोन लावला. “डॉक्टर, ताबडतोब बघा, हा चढतोय!” बायकोच्या कपाळाला मात्र त्याने हातसुद्धा लावला नव्हता.

संध्याकाळी ती मोरीतच कोसळली. तिचं रक्त त्याच्याच यंत्रावर आलं. आकडा पाहून तो तसाच वॉर्डाकडे धावला. पोटात पू झाला होता, संसर्ग रक्तात पसरला होता. डॉक्टरांनी पुन्हा पोट उघडलं, पण उपयोग झाला नाही.

“जरा आधी आणायचं होतं हो,” एवढंच डॉक्टर म्हणाले.

घरी शेजारच्या बायका जमल्या. त्यांतली एक डोळे पुसत म्हणाली, “किती सोशिक पोर! शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही.”

“खोटं आहे ते,” नवरा म्हणाला. “ती सांगत होती. आईला सांगत होती, मला सांगत होती. सोशिक म्हणू नका तिला. आम्ही ऐकलं नाही.”

सासूबाईंचा बांध फुटला. “माझ्या हाताला लागला होता रे ताप! कळूनही मी तिला कपडे धुवायला बसवलं.”

डोळे पुसणारी शेजारीण तेवढी उठली आणि घाईघाईने घराकडे निघाली. तिची सून कालपासून अंथरुणाला होती, आणि काय होतंय हे तिने अजून विचारलं नव्हतं.