मानपत्रांचा रविवार

पंजाबरावांचं अख्खं नोकरीचं आयुष्य दुसऱ्यांना निरोप देण्यात गेलं. दुर्गजवळच्या नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत ते ऑफिसात क्लार्क होते, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिथे कोणी ना कोणी रिटायर व्हायचंच. मग हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या, समोसे मागवायचे, झेंडूचे हार आणायचे, आणि माइकसमोर पंजाबरावांनी उभं राहायचं. मानपत्र लिहायचं त्यांनीच आणि वाचायचंही त्यांनीच. खलाशी म्हणजे साधा मजूर असो की मॅनेजर, हिंदी मजकूर तोच: मिलनसार, कर्तव्यनिष्ठ, हँसमुख. ज्याने जन्मात कोणाच्या नमस्काराला धड उत्तर दिलं नाही, तोही त्या दिवसापुरता हँसमुख व्हायचा. त्यानंतर ढोल वाजवत त्या माणसाला सजवलेल्या गाडीतून घरापर्यंत पोचवायचं, दारात बायकोने ओवाळायचं. एवढं झालं की माणूस खरा रिटायर झाला, अशी तिकडची समजूत.

आणि स्वतः पंजाबराव रिटायर झाले ते नेमके लॉकडाऊनमध्ये. ऑफिसात चार माणसं, तीही तोंडाला फडकी बांधून. शिपायाने लांबूनच हात जोडले, पंजाबरावांनीही जोडले, स्कूटर काढली आणि घरी आले. दोष कोणाचाच नव्हता. दोष कोणाचा असता तर निदान त्याला चार शिव्या घालता आल्या असत्या! साठी ओलांडलेल्या माणसाला एका हारासाठी आणि अर्ध्या पानाच्या कौतुकासाठी आत कुठेतरी टोचत राहावं, याची त्यांना लाजही वाटायची. घरात विषय निघाला की ते "त्यात काय एवढं" म्हणत आणि अंगणातल्या झाडांना पाणी घालायला निघून जात. त्या झाडांना काही वर्षं गरजेपेक्षा जास्तच पाणी मिळालं.

आता ते पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये मुलाच्या, भूषणच्या, क्वार्टरमध्ये राहत होते. भूषण त्याच प्लांटमध्ये आणि त्याची बायको निशा शाळेत शिकवायला. शिवाय दर रविवारी निशा मराठी मंडळाच्या खोलीत मुलांचा वर्ग घ्यायची. मुलं आपल्याच लोकांची, कोणाचे वडील प्लांटमध्ये, कोणाचे दुर्गला रेल्वेत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी, असा त्यांचा कारभार. कुलूप उघडायला आणि चपला रांगेत लावायला म्हणून पंजाबरावही जायचे. मग मागच्या खुर्चीत बसून ते डोळे मिटून ऐकायचे. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

यंदा निशाने मुलांना साहित्याच्या प्रकारांची ओळख करून द्यायचं ठरवलं. पहिल्या रविवारी तिने एक गोष्ट सुरू केली आणि ऐन विहिरीच्या काठावर आणून सोडून दिली. मुलांनी "मग काय झालं?" म्हणून खोली डोक्यावर घेतली. "हे जे तुम्हाला झालंय ना, ते ज्याच्यामुळे होतं ती कथा," ती म्हणाली. कवितेच्या रविवारी टाळ्यांच्या ठेक्यावर ओळी रचल्या. नाटकाच्या रविवारी दोघांना एकाच खुर्चीवरून भांडायला लावलं आणि बाकीच्यांना सांगितलं, की बघा, इथे सांगणारा कोणी नाही, तरी सगळं कळतंय ना? पंजाबरावांना सुनेचा मोठा अभिमान वाटायचा. तोही त्यांनी तिला कधी बोलून दाखवला नव्हता.

चौथ्या रविवारी चरित्राची पाळी आली आणि निशा तापाने फणफणली.

"तू झोप व माय," पंजाबराव म्हणाले. "चरित्र मी शिकवतो. शेकड्यानं लिहिले मी."

वर्गात ते प्रथमच पुढे उभे राहिले आणि पाहता पाहता रंगात आले. आपला ठरलेला मजकूर मराठीत करून त्यांनी फळ्यावर लिहिला, मुलांनी उतरवून घेतला. करिष्मा नावाच्या मुलीने विचारलं, "पर आजोबा, चरित्र लिखते कब हैं?"

"माणूस रिटायर झाला का लिहायचं," पंजाबराव ठामपणे म्हणाले.

"मग तुमचं कोणी लिहिलं?" हे मोनाने विचारलं. मोना रेल्वेवाल्यांची मुलगी, वर्गातली सगळ्यात तोंडाळ.

"लॉकडाऊन होता बेटा," ते म्हणाले, आणि फळा पुसू लागले. मुलांचं अर्धं उतरवून व्हायचं होतं.

पुढच्या रविवारी निशा बरी होऊन आली आणि तिने घरचा अभ्यास वाचायला सांगितला. करिष्मा उभी राहिली. "माझी आई सौ. सुनिता या महिन्याअखेर स्वयंपाकघरातून सेवानिवृत्त होत आहेत. त्या मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि हसतमुख आहेत. त्यांचे उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो."

निशा पाहतच राहिली. "आईने वाचलं का हे?"

"वाचलं ना. म्हणाली, तुझ्या तोंडात साखर पडो."

अभिनव नावाच्या मुलाने आपल्या कुत्र्याला फाटकावरच्या नोकरीतून सेवानिवृत्त केलं होतं, तोही कर्तव्यदक्ष आणि हसतमुख होता. आणखी एकाने खुद्द निशा मॅडमना घरी बसवलं होतं. निशाने मागच्या खुर्चीकडे पाहिलं. पंजाबरावांचे कान गरम झाले. आपलं आयुष्यभराचं कारकुनी काम आपण पोरांना साहित्य म्हणून खपवलं, आणि आता सून सगळ्यांसमोर काय बोलते कोण जाणे!

पण निशा हसली नाही. "बाबांनी शिकवलं त्याला मानपत्र म्हणतात," ती म्हणाली. "तेही लिहावं. कोणाचे आभार मानायचे राहून गेले तर वाईटच. पण मानपत्र कोणालाही चालतं, आईला आणि कुत्र्याला एकच. चरित्राचं तसं नाही. नाव झाकलं तरी माणूस ओळखू आला पाहिजे."

"मॅडम, मग मी नाव नाही वाचत," मोना म्हणाली. "तुम्ही ओळखा." आणि तिने कागद तोंडासमोर धरला.

"ते नंदिनीहून रिटायर झाले तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. ते डोळे मिटून ऐकतात. डोळे मिटून ऐकताना घोरतात."

"आजोबा!" सगळा वर्ग ओरडला. मोना थांबली नाही.

"कोणाची चप्पल तुटली तर त्यांच्या खिशात तार असते. मला ळ म्हणता येत नव्हता. त्यांनी मला केळं म्हणायला लावलं आणि प्रत्येक वेळी खरंच एक केळं दिलं. माझं पोट दुखलं पण ळ आला. आई म्हणाली, त्यांना सांग आता केळी बस. मी नाही सांगितलं. त्यांचा निरोप राहिला आहे. तो आज आहे."

पंजाबरावांना आपला चष्मा कुठे आहे ते कळेना. तो डोळ्यांवरच होता, फक्त त्यातून काही दिसत नव्हतं.

"बाबा, तुमचं मनोगत," निशा हळूच म्हणाली.

ते पुढे आले. हे भाषण त्यांनी मनात किती वेळा पाठ केलं होतं, आदरणीय मंच वगैरे सगळं घालून. आता त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ. "लेकरांनो," ते म्हणाले, "मी इतक्या लोकायचे गुण वाचले, पण खरं सांगू, एकालेही नीट पाह्यलं नाही. तुमी मले पाह्यलं. तुमचे मोठे उपकार झाले बाबू." आणि सुनेकडे वळून म्हणाले, "निशा, तुये बी. तू वर्ग लय चांगला घेते. हे मी आधीच सांगायले पाह्यजे होतं."

मोनाने पिशवीतून झेंडूचा हार काढला. तिच्या वडिलांनी सकाळी सिविक सेंटरच्या बाजारातून आणून दिला होता. गाडी म्हणून निशाची स्कूटी, ढोल म्हणून डबे. पंजाबराव स्कूटीवर मागे बसले आणि वरात निघाली. फाटकाफाटकांतून लोक डोकावू लागले.

"शादी है क्या किसी की?" एकाने विचारलं.

"रिटायरमेंट!" मुलं ओरडली.

क्वार्टरच्या दारात अंजनाबाई, पंजाबरावांच्या पत्नी, पिठाच्या हातांनी उभ्या होत्या. नवऱ्याच्या गळ्यातला हार, मागची पोरं, डबे, सगळं त्यांनी पाहून घेतलं. आता ही आपली थट्टा करणार असं पंजाबरावांना वाटलं.

"थांबा जी. तसेच बाहेर उभे राहा," अंजनाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बराच वेळ लागला. मुलं डबे वाजवून दमली. अंजनाबाई आल्या तेव्हा हातात निरांजनाचं तबक होतं आणि अंगावर कोरी हिरवी साडी, घडीच्या रेघा अजून तशाच ताठ. पंजाबरावांनी ती साडी कधी पाहिली नव्हती.

"ही कधी घेतली?"

"तुमच्या रिटायरमेंटसाठी घेतली होती ना," अंजनाबाई निरांजनाची वात सारखी करत म्हणाल्या. "ढोल येईन, लोक येतीन, मी ओवाळीन. तुमी आले आन् म्हणाले, त्यात काय एवढं. मंग मी ठेवून देली."

इतकी वर्षं पंजाबराव स्वतःचंच दुःख गोंजारत झाडांना पाणी घालत होते, आणि तो दिवस आणखी कोणाचाही होता हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अंजनाबाईंनी ओवाळलं. त्यांचं ओवाळून होताच पंजाबरावांनी गळ्यातला हार काढला आणि सगळ्या पोरांदेखत, सुनेदेखत, बायकोच्या गळ्यात घातला. अंजनाबाई "अहो, हे काय" म्हणत मागे सरकल्या.

"मी रोज डबा घेऊन नंदिनीले जायचो," पंजाबराव म्हणाले. "सगळेच आणायचे. तो भल्या पहाटे उठून कोणी भरला, हे मी एकाच्याही मानपत्रात लिहिलं नाही."