राखेत सापडलेली पट्टी

राखेवर दूध शिंपडून झालं. केशवनं हाड समजून एक तुकडा उचलला आणि चटका बसल्यासारखा खाली टाकला. चितेच्या ओट्याच्या फरशीवर तो खणकन वाजला.

मुकुंदनं तो फडक्यानं पुसला. वीतभर लांबीची पोलादी पट्टी होती, आगीनं निळसर पडलेली. तिच्या भोकांत स्क्रू अजून बसलेले होते.

"हे काय आहे?" केशवनं विचारलं.

"मोडलेलं हाड जोडायला बसवतात ती पट्टी."

"नानांचं हाड कधी मोडलं होतं?"

कधीच नाही. त्यांचे वडील जन्मात दवाखान्यात राहिले नव्हते. मंगळवारी संध्याकाळी दोघा भावांनी याच घाटावर त्यांना अग्नी दिला होता. वातासाठी घातलेलं तांब्याचं जाड कडं तेवढं मनगटात राहिलं, कारण सुजलेल्या हातातून ते निघेना. आज महाल भागातल्या घरून निघताना आईनं एकच गोष्ट मागितली होती. ते कडं.

राखेत कडं नव्हतं. त्यांनी ती पुन्हा चाळली.

"वितळलं असेल," केशव म्हणाला.

मुकुंद नववीला विज्ञान शिकवत असे. "वितळलं तरी गोळा राहील. कोळसा जळून जातो, गंधक जळून जातं. तांबं कुठं जाईल?"

"मास्तर, इथं वर्ग नका भरवू. आईला सांगायचं, वितळलं. संपला विषय."

"आणि ही पट्टी?"

केशवनं पट्टीकडे एकदा पाहिलं आणि राख तिसऱ्यांदा चाळली.

त्यांनी घाटावर चिता रचणाऱ्या गिरिधरला हाक मारली. त्या संध्याकाळी शेजारशेजारच्या ओट्यांवर दोन चिता होत्या. दोन्ही म्हाताऱ्या माणसांच्या.

"दुसरे लोक पारशिवनीचे," गिरिधर म्हणाला. "अंधारातच आले, सावडून गेले. उरला तो ओटा तुमचा, असं मले वाटलं जी." मग त्याला पट्टी दिसली. तो शेजारच्या रिकाम्या ओट्याकडे बघू लागला.

ते तिघं तसेच उभे असताना फाटकाशी मेटाडोर थांबली. ओल्या धोतरातला एक माणूस उतरून धावत आला. त्याच्या मुठीत काळं पडलेलं कडं होतं.

"मी रुपराव, पारशिवनीचा. हे तुमचं हाय का? आमचे बापूजी हातात काहीच घालत नव्हते. त्याईच्या मांडीत पट्टी होती, बैलगाडीखाली आले होते तवाची. ते पट्टी काही दिसली नाही, अन् मले..."

मुकुंदनं पट्टी पुढे केली. रुपरावनं ती कपाळाला लावली.

"आमचे नाना कुठं आहेत?" केशवनं विचारलं. "तुम्ही नेलेलं मडकं कुठं आहे?"

रुपरावनं कडं मुकुंदच्या हातात ठेवलं.

"कुठं आहे गा?"

"कन्हान नदीत सोडलं जी. सारं सोडून झालं, अन् मंग मडक्याच्या बुडाशी कडं हाताले लागलं."

केशवनं त्याची मान धरली. मुकुंदनं ती सोडवली. मग त्यानं ओट्यावरची हाडं आपण आणलेल्या मडक्यात भरली, वर फडकं बांधलं आणि मडकं रुपरावच्या हातांत दिलं.

"पाण्यात सोडताना तुम्ही काय म्हणालात?"

"बापूजी म्हनलं. दुसरं काय म्हननार?" रुपराव म्हणाला. "लय रडलो. गाडीतले सारेच रडले. माह्या बहिणीनं तर पाण्यात उतरून हात जोडले."

"आईला काय सांगायचं आता?" केशव खाली पाहत म्हणाला. "आपला बाप परक्यानं बुडवला म्हणून?"

मुकुंद रुपरावला म्हणाला, "तुम्ही आत्ता बोललात ना, तसंच आमच्या आईसमोर बोला. महालापर्यंत चला."

"तिनं मले घरात घेतलं नाही तर?"

"तर दारातून सांगा."

रुपराव मेटाडोरपाशी गेला, मडकं आत बसलेल्या बहिणीच्या मांडीवर ठेवलं आणि परत येऊन फाटकाशी लावलेल्या मुकुंदच्या सायकलच्या कॅरिअरवर बसला.