कॉइन लाँड्रीतली ऊब

टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या त्या फ्लॅटला बाल्कनीकडे काचेची मोठी दारं होती, आणि जानेवारीत ती नुसती नावाला दारं. घट्ट बंद केली तरी जवळ उभं राहिलं की पावलांवरून गार वारा सरपटत जायचा. विद्यानं हे घर उन्हाळ्यात पसंत केलं होतं, उजेड भरपूर येतो म्हणून. आता त्या उजेडाकडे बघायलाही तिला वेळ नव्हता. सकाळी अंधारातच ती गर्दीच्या ट्रेननं टोकियोत बँकेच्या ऑफिसला जायची आणि घरी यायची तीही अंधारातच.

त्या हिवाळ्यात सासरे आले होते. गुणवंतराव, घरातले अण्णा. सासूबाई गेल्यावर कऱ्हाडात एकटे काय करणार, म्हणून विद्याच्या नवऱ्यानं, जयेशनंच आग्रहानं आणलं होतं. अण्णांची सगळी नोकरी वीज मंडळात, थकलेल्या बिलांच्या वसुलीत गेलेली. बोलणं मोजकं. जयेश कावासाकीला, विद्या टोकियोला कामावर गेली की दिवसभर घरात ते एकटे.

डिसेंबरचं विजेचं बिल आलं तेव्हा तिघं जेवत होते. जयेशनं मोबाइलवर आकडा बघितला आणि शीळ घातली.

"हे आपलं आहे का अख्ख्या बिल्डिंगचं?"

"घर गरम ठेवायला दिवसभर एसी चालतो ना आता," विद्या म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिनं जीभ चावली. अण्णा आमटीत भात कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी विद्या कामाला लागली. काचांवर पाणी फवारून बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद चिकटवला. जमिनीला टेकतील असे जाड पडदे आणले. एसीची जाळी धुतली, तेव्हा राखाडी लोकरीसारखी धूळ निघाली. मग रिमोट अण्णांच्या हातात देऊन तिनं नीट समजावलं. "वीस अंशांवर राहू द्या. सारखा चालू-बंद करू नका, त्यानं जास्तच वीज खातो. आणि खोलीचं दार लावून घ्या."

"बरं," अण्णा म्हणाले.

पण पुढे रोज संध्याकाळी ती यायची तेव्हा घर गारच असायचं. "आत्ताच बंद केला गं, फार गरम होत होतं," अण्णा म्हणायचे. अंगात स्वेटर, वर जाकीट. विद्याला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. पण खांद्यावरची बॅग उतरवेपर्यंत तिच्यात काही विचारायचं त्राण उरत नसे. विश्वास ठेवणं सोपं होतं, तिनं ठेवला. पुढचं बिल बरंच कमी आलं. जयेश खूश झाला. "कमाल केली हं पडद्यांनी!" तीही हसली. या महिन्यात एवढी एकच गोष्ट मनासारखी झाली होती.

फेब्रुवारीत एकदा ऑफिसमध्ये तिचं डोकं ठणकायला लागलं, अंगात कणकण आली. तिचे साहेब तानाका-सान म्हणाले, घरी जा. दुपारचीच ती परतली. दार उघडलं तर आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. अण्णा नव्हते. त्यांची गादी घडी करून ठेवलेली, फोन लागत नव्हता. विद्या तशीच खाली धावली. बागेत बघितलं, कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात बघितलं. मग स्टेशनच्या वाटेवर कपडे धुवायची कॉइन लाँड्री लागली, आणि काचेतून तिला लोकरीची कानटोपी दिसली.

अण्णा फिरत्या ड्रायरसमोरच्या बाकावर बसले होते. शेजारी एक जपानी आजी संत्रं सोलत होती आणि मधूनमधून एकेक फोड त्यांना देत होती. दोघांना एकमेकांचा एक शब्दही कळत नसावा.

"अण्णा! इथं काय करताय?"

ते दचकून उठले. "तू कशी आलीस? बरं नाही का?"

"आधी सांगा, इथं का बसलाय?"

"टॉवेल वाळवतोय."

ड्रायरमध्ये एकच टॉवेल गरगरत होता. तिनं दार उघडून हात लावला. कढत होता, कोरडा ठणठणीत.

"हा ओला होता?"

अण्णांनी ड्रायरचं दार पुन्हा लावलं. मग हळूच म्हणाले, "फुकट बसायला बरं वाटत नाही. एक नाणं टाकलं की आपलीही हक्काची जागा."

"रोज येता?"

"ऊब असते इथं. घरी एकट्या माणसासाठी एवढी वीज कशाला जाळायची?"

"मी तसं म्हटलं नव्हतं, अण्णा."

"म्हटलं होतंस, पोरी. चुकीचं नव्हतं म्हटलंस."

विद्याला रागवायचं होतं. उद्या तुम्हाला न्यूमोनिया झाला तर, लोक काय म्हणतील, असं बरंच काही ओठांवर आलं. पण ती बाकावर बसली. ड्रायरची धग गुडघ्यांना लागली, पाठ सैल पडली, आणि किती दिवसांनी आपल्या अंगाला खरोखर ऊब लागतेय असं तिच्या मनात आलं. आजीनं एक फोड तिच्याही पुढे केली. ती तोंडात घोळवता घोळवताच तिचा डोळा लागला. उठवलं ते अण्णांनी. "चल, ताप वाढतोय तुझा."

जयेशला कळलं तेव्हा त्यानं मोबाइलवर ते जुनं बिल पुन्हा उघडून बघितलं. मग म्हणाला, "मीच शीळ घातली होती." त्यानं जुन्या सामानाच्या दुकानातून कोतात्सू आणलं. बुटकं टेबल, त्याच्या पोटात छोटा हीटर आणि वरून पांघरलेली जाड रजई. त्यात पाय घालून बसलं की सगळी खोली तापवावी लागत नाही. एसी अठरावर आणि अण्णांचे पाय रजईत, असा तह झाला. महिनाअखेरीला आलेलं बिल दोन्ही बिलांच्या मधलं होतं. जयेशनं आकडा बघितला आणि मोबाइल उपडा ठेवला.

विद्याचा थकवा मात्र होता तिथंच होता. आता तर एक काळजी जास्तीची. रोज सकाळी प्लॅटफॉर्मवरून ती घरी फोन लावायला लागली.

"अण्णा, एसी चालू आहे ना?"

"आहे गं."

"खरं सांगा."

"थांब, ऐकवतो." बहुधा ते फोन एसीपाशी घेऊन जायचे. पण स्टेशनवरच्या घोषणांत तिला काहीच ऐकू यायचं नाही.

"आला का आवाज?"

"आला," ती म्हणायची, आणि फोन पर्समध्ये टाकून गर्दीत शिरायची.