तान्ह्या पोळ्याचा पट

वामनरावांनी टी-स्क्वेअर खाली सरकवला आणि गल्लीतलं शेवटचं घर काढायला घेतलं. ऑफिसातल्या रद्द झालेल्या नकाशाची कोरी पाठ त्यांनी पाटावर ताणून बसवली होती आणि शाई वाळेपर्यंत पंखा लावायला घरात बंदी होती. शेजारच्या खाटेवरून आठ वर्षांची लेक तारा मान लांब करून बघत होती. तिचा प्लास्टरमधला पाय उशीवर होता. पेरूच्या झाडावरून पडून पंधरा दिवस झाले होते, आणि नेमका आज तान्हा पोळा. संध्याकाळी गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल सजवून दारोदार नेणार, दारात उभं राहून झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकं जुळवलेली गाणी, म्हणणार, बोजारा म्हणून मिळालेला खाऊ झोळीत भरणार, आणि ताराने ते खिडकीतून बघायचं. सकाळपासून ती एकदाही रडली नव्हती. वामनरावांना त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. म्हणून त्यांनी गल्लीच घरात आणायची ठरवली.

बांधकाम खात्यात सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून घासलेला माणूस. चार चौकोन ओढून पोरीची समजूत काढणं त्याला कुठून जमणार? सकाळी उठून त्यांनी अख्खी गल्ली पावलांनी मोजली होती. विहिरीपाशी ती जशी वळते तशीच कागदावर वळली, आणि ज्यांच्या दाराला तीन पायऱ्या त्यांच्या दाराला तीनच काढल्या. मग घराघरांत बारीक अक्षर आलं. सिंधूताईंकडे करंज्या मिळाल्या, दोन घरं पुढे. मास्तरांच्या दारात झडती विसरली, तीन घरं मागे. जो आधी गल्ली फिरून घरी येईल तो जिंकला.

फाशांसाठी दोन चिंचोके फोडून त्यांच्या चार फाका केल्या. सोंगट्या म्हणून ताराला बांगडीचा तुकडा, वामनरावांना सदऱ्याचं बटण आणि पाच वर्षांच्या धाकट्या प्रेमलताला शेंगदाणा मिळाला. तिने तो दुसऱ्याच डावाला खाऊन टाकला, तेव्हा तिला दुसरा द्यावा लागला.

खेळ रंगला. तारा हसली, चिडली, एकदा तर बापाने लबाडी केली म्हणून ओरडली. वामनराव मनातून खूश होते. तेवढ्यात त्यांना तीन पडले आणि बटण त्यांच्याच घराच्या अलीकडच्या चौकोनात जाऊन बसलं. तिथे लिहिलं होतं : मोकळी जागा. बैल चरायला सोडा. एक डाव थांबा.

ताराने वाकून वाचलं.

"बाबा, इथं मोकळी जागा कुठं आहे? इथं तर मोठे बाबा राहतात."

"खेळ आहे वं. खेळात चालते."

"मग बाकीची घरं काहून खरी काढली?"

स्वयंपाकघरात बायकोचं, मनकर्णाबाईंचं, लाटणं थांबलं. वामनरावांनी चिंचोके प्रेमलताच्या हातात दिले, पण ताराची नजर कागदावरून हलेना.

"हा नकाशा खोटा आहे, बाबा."

हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी वामनरावांच्या थोरल्या भावाने, पोरींच्या या मोठ्या बाबांनी, रुपरावांनी, ऐकवलं होतं. घराच्या वाटणीचा नकाशा वामनरावांनीच काढला होता. तो हातात धरून रुपराव चार माणसांदेखत म्हणाले होते, "माझी बाजू वीतभर कमी आहे. तूनं खोटं काढलं, वामन." नकाशा बरोबर होता. भिंतच बापाने बांधताना वाकडी घातली होती. शिवी दिली असती तर वामनराव विसरले असते, पण हे त्यांच्या काळजात रुतलं. बोलणं बंद झालं, मधलं दार विटांनी बुजलं. आणि आज त्यांनी आपल्या हाताने भावाचं वीतभर नव्हे, अख्खं घर उडवलं होतं.

ते उठले. ब्लेडने ती अक्षरं हलक्या हाताने खरवडली आणि तिथे घर काढलं, दोन खिडक्यांचं, पायरीसकट. मग लेखणी अडली.

"मोठे बाबा बोजारा काय देतात?" प्रेमलताने विचारलं.

"लिहा नं काहीही," मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या.

"अंदाजानं लिहू नये," वामनराव म्हणाले. "जागेवर जाऊन पाहावं लागते." ऑफिसात नव्या पोरांना ते रोज हेच सांगत.

ताराने खाटेखाली हात घालून आपला सागवानी बैल ओढून काढला. तो तिच्या बारशाला रुपरावांनीच घडवला होता. नोकरी रेल्वेतली, पण हात सुताराचा.

"मग याले घेऊन जा. बैलाशिवाय बोजारा कोणी देत नाही."

तीन चाकांवर लंगडणारा बैल दोरीने ओढत पन्नाशीचा माणूस गल्लीतून निघाला तेव्हा पोरं फिदीफिदी हसली. अंतर दहा पावलांचं. वामनरावांना ते कामठी गावाइतकं लांब वाटलं.

दार रुपरावांनीच उघडलं. त्यांनी भावाकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं.

"झडती येते का गा?"

दारात आलेल्या प्रत्येक पोराला आज हेच विचारतात. वामनरावांनी घसा खाकरला. पहिली ओळ म्हटली, दुसरी सुरू केली आणि मधेच अडले.

"लहानपणीही इथंच अडकायचा," रुपराव म्हणाले. मग वाकून त्यांनी बैल उचलला. "चाक कुठं गेलं याचं?"

"हरवलं."

"पोरीचा पाय?"

"दहा दिवसांनी प्लास्टर काढतात."

रुपराव आत गेले. दार मात्र उघडंच राहिलं. सागाचा तुकडा, करवत आणि कानस घेऊन ते परत आले, पायरीवर बसले आणि थोडे बाजूला सरकले. वामनराव त्या जागेत बसले. कानस लाकडावर फिरू लागली. दोघांपैकी कोणी नकाशाचं नाव काढलं नाही.

थोड्या वेळाने प्रेमलता धावत आली.

"बाबा, चला नं! तुमचा डाव आला. तारा बोलावून राहिली."

वामनरावांनी भावाच्या हातातल्या चाकाकडे पाहिलं. ते अजून गोल व्हायचं होतं.

"तुम्ही खेळा," ते म्हणाले. "तिले सांग, मी अजून एक डाव थांबतो."